कुंदामावशींचा वालावलकर

"खालच्या फ्रीझरमध्ये दोन वालावलकर आहेत. त्यांना हात लावू नका. शनिवारी बघते मी त्यांच्याकडे."

एटोबिकोच्या त्या घराच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहायला आलो, त्या दिवशी घरमालकीणबाईंनी किल्ल्या हातात देताना उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. एवढं बोलून त्या लगबगीने वर निघून गेल्या, कारण गॅसवर त्यांची भाजी करपत होती. मी आणि मेधा, नागपूरहून येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो. कोपऱ्यात खरोखरच एक पांढरा डीप फ्रीझर होता आणि त्यात चांगला धडधाकट माणूस आडवा मावला असता.

मेधा म्हणाली, "दोन?"

मी म्हणालो, "आडनाव ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल."

"आडनाव काय का असेना!" मेधा म्हणाली आणि आमच्या दोन्ही जड बॅगा तिने त्या फ्रीझरच्या झाकणावर नेऊन ठेवल्या. वालावलकर उठून बाहेर येऊ नयेत म्हणून.

शनिवारी मावशी खाली आल्या. बॅगांकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, त्या खाली उतरवल्या, झाकण उघडलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन मासे बाहेर काढून आमची ओळख करून दिली. "हे थोरले, हे धाकटे." पितळेच्या रंगाचे लांबट मासे होते आणि डोळे मोठे, मोतीबिंदू झाल्यासारखे पांढुरके. इंग्रजीत ह्या माशाला वॉलाय म्हणतात. मावशी कॅनडात नव्या होत्या तेव्हा शेजाऱ्याने कुंपणावरून "वॉलाय, वॉलाय" असं काहीतरी सांगितलं. मावशी वेंगुर्ल्याच्या, वालावल त्याच मुलखातलं. त्यांच्या कानांनी बाकीचा "कर" आपल्या पदरचा लावून टाकला. तेव्हापासून ओन्टारिओतल्या समस्त वॉलाय जमातीचं गाव वालावल.

मेधाने बॅगांचं कारण सांगितलं तेव्हा मावशी हसल्या. त्यांचं हसणं आधी आवाजाशिवाय सुरू व्हायचं. नुसते खांदे हलायचे, मग डोळ्यांतून पाणी, आणि समोरचा माणूस "बरं वाटत नाही का?" असं विचारायच्या बेतात असताना एकदम मोठ्ठा आवाज फुटायचा. त्या दिवशी त्या फ्रीझरला धरून खालीच बसल्या.

ह्या नावाने त्यांना एकदा चांगलंच अडचणीत आणलं. मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, त्या कोपऱ्यात उभ्या राहून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "अगं, वालावलकरांचं डोकं वेगळं काढून ठेवलंय. बाकीच्या तुकड्या केल्या. आता नुसतं हळद-मीठ लावायचं राहिलंय." त्याच आठवड्यात पुण्याहून आलेले एक खरेखुरे वालावलकर प्रसादाची वाटी घेऊन त्यांच्या मागेच उभे होते. मावशींनी त्यांची माफी मागितली आणि तिथल्या तिथे जेवायलाही बोलावलं. ते आले नाहीत.

कुंदामावशी रेडकर इथल्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन होत्या. नोकरी संपली, पण नोकरीतले तीन शब्द त्यांच्या तोंडात कायमचे राहिले. "ब्रीद इन. होल्ड. ब्रीद." मेधाला त्यांनी गाडी पार्क करायला ह्याच तीन शब्दांवर शिकवलं. फोडणीत मोहरी टाकताना त्या स्वतःशीच "होल्ड" म्हणायच्या आणि मोहरी तडतडली की "ब्रीद". मी पहिल्यांदा जॉब इंटरव्ह्यूला निघालो तेव्हा दारात माझ्या हातावर दही घालून त्या म्हणाल्या, "चिन अप, खांदे पुढे, ब्रीद इन." मी आपोआप छाती पुढे काढली. नोकरी मिळाली.

मासे पकडतानाही हीच पद्धत. वालावलकर तळाशी राहतात, त्यामुळे दोरीला शिशाची गोळी आणि गळ लावून तळापर्यंत सोडायचा आणि मग हलकेच वर-खाली करायचा. मावशी श्वास घेत गळ वर उचलायच्या, श्वास रोखून थांबायच्या आणि श्वास सोडत खाली न्यायच्या. त्यांचं म्हणणं असं, की वालावलकर हिसका मारत नाही. तो नुसता येऊन लोंबकळतो, आणि श्वास रोखलेला असला तरच ते वजन कळतं. त्यांच्या होडीत एक छोटा पडदा होता, तळाचा आणि माशांचा अंदाज दाखवणारा. त्यावर सोनार असं लिहिलेलं होतं म्हणून मावशी त्याला सोनारच म्हणायच्या. "बघ रे नागपूर, सोनार काय म्हणतोय?" मला त्या कधीच नावाने हाक मारत नसत. "तीस वर्षं लोकांच्या बरगड्यांतलं वाचलं मी," त्या म्हणायच्या, "तळ्याच्या पोटातलं वाचायला कितीसा वेळ लागतो!"

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर रेडकरकाकांसाठी.

काका मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. जन्मभर त्यांनी चांगले दिसणारे नटबोल्ट हातात घेऊन, एकदाच उलटेपालटे करून, बाजूच्या खोक्यात टाकले. घरीही तोच खाक्या. पानात मासा पडला की एक घास, डोळे मिटून, आणि मग एकच शब्द. सॅमन: "मेणबत्ती." तिलापिया: "साबण." फ्रोझन पापलेट, जो मावशींनी भर बर्फात ब्रॅम्प्टनहून आणला होता: "पुठ्ठो." त्यानंतर ते निमूटपणे सगळं जेवत, ताट चाटूनपुसून साफ करत. पण शिक्का बसायचा तो बसायचाच.

जवळच्या उथळ, गढूळ तळ्यातून मावशींनी पहिला वालावलकर पकडून आणला तेव्हा काकांनी घास तोंडात बराच वेळ ठेवला. मावशींच्या आशा पल्लवित झाल्या. मग काका म्हणाले, "चिखल."

मुलगा निखिल म्हणाला, "मॉम, इट्स जस्ट फिश. व्हाय डू यू केअर?" मावशींनी त्याला उत्तर दिलं नाही. मला मात्र एकदा होडीत दिलं, मी विचारलं नव्हतं तरी. "नोकरी मला लागली होती रे इथे. त्याला नव्हती. त्याला यायचंच नव्हतं. बंदरावर सकाळी जाऊन स्वतः मासा निवडून आणणारा माणूस, मी उचलून आणला इथे. कधी बोलला नाही त्यावर. पस्तीस वर्षांत एक शब्द नाही. पण एकदा, फक्त एकदा, त्याने पानावर बसून माशाला नाव ठेवलं नाही ना, तर मी सुटले." आणि लगेच, "तुझी दोरी बघ, शिंच्या, तळाला अडकलीय!"

काकांचा शिक्का मावशींनी तक्रार म्हणून घेतला नाही, रिपोर्ट म्हणून घेतला. चिखल लागतो, म्हणजे चिखल नसलेलं पाणी हवं. तेव्हा उत्तरेकडे, चार तासांवर, ग्रॅनाइटच्या खडकांत बसलेलं एक खोल तळं त्यांनी शोधून काढलं. पाणी असं नितळ, की माझ्या हातून चहाचा चमचा पडला तो खाली खाली जाताना आम्ही कितीतरी वेळ बघत होतो. मावशी खूश. "ह्या पाण्यातला मासा म्हणजे धुतलेल्या तांदळासारखा!"

मासा होताच. सोनार रोज दाखवायचा, पस्तीस-चाळीस फुटांवर, ओळीने बसलेले. फक्त ते आम्हाला भाव देत नव्हते.

दर उन्हाळ्यात दोन-तीनदा आम्ही जायचो. आम्ही त्यांचं बेसमेंट सोडून कॉन्डो घेतला तरी होडीतली माझी जागा सुटली नाही. तळ्याकाठी लाकडी केबिन भाड्याने घ्यायची. काका केबिनमध्ये जुने दिवाळी अंक वाचत बसायचे, मेधा त्यांना चहा करून द्यायची, आणि मी व मावशी रिकाम्या हाताने परत यायचो. मावशींनी उपाय करायचे काही बाकी ठेवले नाहीत. मासा पाण्यातून आपल्याला बघतो असं ठरवून त्यांनी माझा पांढरा शर्ट उतरवून घेतला आणि काकांची तपकिरी माकडटोपी मला घातली, जुलै महिन्यात. होडीत बांगड्या वाजायला नकोत म्हणून त्यांना दोरा गुंडाळला. मला शिंकायची बंदी झाली. पाच उन्हाळे असे गेले आणि काका दर वेळी दारात आमच्या रिकाम्या बादलीत डोकावून म्हणायचे, "वा. स्वच्छ."

ग्लेन भेटला तो सहाव्या उन्हाळ्यात, आणि तोही मावशींच्या तीन शब्दांमुळेच. दुपारची वेळ, लख्ख ऊन, तळं आरशासारखं स्तब्ध. अशा पाण्यावर आवाज मैलभर जातो हे आम्हाला कुठे ठाऊक! मावशी मला गळ शिकवता शिकवता हातघाईवर आल्या होत्या. "ब्रीद इन! होल्ड! आय सेड होल्ड! डोन्ट ब्रीद! डोन्ट ब्रीद!" पलीकडच्या काठावरून एक मोटारबोट सुसाट निघाली आणि आमच्या अंगावर लाटा उडवत येऊन थांबली. आत सत्तरीचा एक दाढीवाला, हातात फर्स्ट-एडची पेटी, चेहरा पांढराफटक.

"हू इज इट? इज इट हिज हार्ट?" माझ्याकडे बोट दाखवून तो ओरडला. जुलैत माकडटोपी घातलेला मी त्याला मरणासन्न वाटलो असेन तर त्यात त्याची चूक नव्हती.

मावशींचे खांदे हलायला लागले. ग्लेनला वाटलं, आता ह्यांनाही झटका आला. त्याने त्यांना होडीत आडवं करायचा प्रयत्न केला. मग तो मोठ्ठा आवाज फुटला आणि पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली.

खरा प्रकार कळल्यावर ग्लेन खूप वेळ हसला आणि मग त्याने विचारलं, "बट मॅम, व्हाय आर यू फिशिंग नाऊ?"

मावशी म्हणाल्या, "बिकॉज इट इज अ ब्यूटिफुल डे."

ग्लेनने कपाळाला हात लावला. मग त्याने समजावून सांगितलं. ह्या माशाचे डोळे अंधाऱ्या पाण्यासाठी घडलेले. उजेड त्याला सोसत नाही. गढूळ पाण्यात ठीक आहे, पण इतक्या नितळ तळ्यात ऊन थेट खालपर्यंत जातं, आणि मासा खडकाच्या खाचेत तोंड खुपसून बसून राहतो. त्याला वारा लागतो. ढग आणि वारा. पाण्यावर लाटा उठल्या की उजेड फुटतो, मग तो धीट होऊन वर चरायला येतो. "व्हेन एव्हरीबडी गोज होम, मॅम, दॅट्स व्हेन यू कम."

मावशींनी हातातला गळ खाली ठेवला. कारण पाच वर्षं आम्ही नेमकं उलटं करत होतो. फोरकास्टमध्ये सूर्याचं चित्र असलेला दिवस निवडून यायचो, आणि पाण्यावर जरा चुणी उठली की मावशी गळ गुंडाळायला लागायच्या. "वारा सुटला. होडी वर." हे त्या वेंगुर्ल्याच्या बंदरावर लहानपणी शिकल्या होत्या. वारा सुटला की शहाण्या माणसाने होडी वाळूवर ओढायची, त्यात वाद नाही. म्हणजे वालावलकर जेवायला बाहेर पडले, की आम्ही काठाकडे.

"घरात सोनार असून कान ग्लेनने टोचले," मावशी परतताना म्हणाल्या.

सप्टेंबरात आम्ही मुद्दाम वाईट हवा बघून गेलो. वाईट मिळालीही. सकाळपासून आभाळ खाली आलेलं, वारा एकसारखा, पाण्यावर हातभर लाटा. घाबरण्यासारखं काही नव्हतं, ग्लेन स्वतःच त्याच्या बोटीत शेजारून येणार होता, पण मावशी धक्क्यावर होडीचा दोर हातात धरून उभ्या राहिल्या त्या हलेचनात. लाइफ जॅकेटची बकलं त्यांनी तीनदा तपासली. अडुसष्ट वर्षांच्या बाईला तिचा बाप मागून हाक मारतोय असा तो चेहरा होता. मला त्यांची फार माया आली. मी म्हणालो, "मावशी, नको असेल तर राहू दे."

केबिनच्या दारात काका येऊन उभे होते. तेही कोकणातलेच. वारा बघून ते म्हणाले, "खुळा इला काय तुका?"

वेड लागलंय का, एवढंच त्यांनी विचारलं, पण मावशींना तेवढं पुरलं. त्यांनी पदर खोचल्यासारखी जॅकेटची दोरी आवळली आणि होडीत पाय टाकला. "होय," त्या म्हणाल्या. "चल रे नागपूर. ब्रीद इन."

पहिला अर्धा तास मी फक्त होडी सरळ धरत होतो आणि सकाळचे पोहे आत धरत होतो. मावशी पुढे पाठमोऱ्या बसल्या होत्या. श्वास घेत गळ वर, रोखून, सोडत खाली. मग एका वेळी हात वर थांबला तो खाली आलाच नाही.

"मावशी, ब्रीद," मी म्हणालो.

"गप," त्या म्हणाल्या. "आलेत."

पुढची पाच मिनिटं कुणी कुणाला काय सांगत होतं ते मला आठवत नाही. मावशी मालवणीत माशाशी बोलत होत्या, ग्लेन शेजारच्या बोटीतून इंग्रजीत ओरडत होता, मी हिंदीत हनुमानाला हाक मारली. जाळीत मासा घेताना मी स्वतःच अर्धा पाण्यात गेलो आणि ग्लेनने मला टोपीला धरून मागे खेचलं. होडीच्या तळाशी तो पडला तेव्हा आम्ही तिघं काही क्षण नुसते बघत राहिलो. गढूळ तळ्यातल्यापेक्षा कितीतरी उजळ, सोनेरी, घट्ट. मावशींनी त्याला हात जोडले. मग म्हणाल्या, "या वालावलकर, किती वाट बघायला लावलीत." त्यानंतर तासाभरात आणखी तीन मिळाले, त्यातला एक मला. पण तो मोजायचा नाही असं मावशींनी तिथेच जाहीर केलं, कारण मी श्वास रोखला नव्हता.

ग्लेनने धक्क्यावर मासे साफ करायला घेतले आणि सवयीने पहिलं डोकं पाण्यात भिरकावलं, तेव्हा मावशी त्याच्यावर अशा ओरडल्या की सत्तरीचा तो बाप्या सुरी खाली ठेवून बाजूला झाला. उरलेली तीन डोकी कालवणात गेली, वेंगुर्ल्याहून आलेली तिरफळं घालून. तुकड्या रव्यात घोळवून तव्यावर. तिखटाचा डबा मावशींनी दोनदा उघडून दोनदा बंद केला आणि मेधाला म्हणाल्या, "तूच वाढ गं. मी नाही बघत."

त्याच वर्षाअखेर मला सरेला नोकरी लागली आणि आम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मावशींचा आवाज पुढे फोनवर पुष्कळदा ऐकला. पण डोळ्यांसमोर मावशी येतात त्या आजही त्याच संध्याकाळच्या.

काका टेबलाशी बसले. ग्लेनही बसला, त्याला ह्या परीक्षेची सगळी कल्पना दिलेली होती आणि तो टोपी काढून बसला होता. मावशी स्टोव्हपाशी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. काकांनी तुकडी मोडली. वाफ निघाली. एक घास घेतला, डोळे मिटले. बाहेर वारा दाराशी खडखडत होता. काका चावत राहिले. त्यांनी दुसरा घास घेतला, हे नियमाबाहेरचं होतं. मग कालवणात भात कालवून तिसरा. मेधाने माझा हात इतका दाबला की नखं रुतली.

काकांनी डोळे उघडले.

"मीठ कमी आसा," ते म्हणाले.

मेधाचा चेहरा पडला. माझाही. ग्लेनने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्या बिचाऱ्याने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

मावशी मात्र गर्रकन वळल्या. "काय म्हटल्यात?"

"मीठ. कमी आसा म्हणान सांगतंय."

"आणि मासो?"

काकांनी पुढची तुकडी ओढून घेतली.

"ऐकलंस?" मावशी माझ्यावर ओरडल्या. "ऐकलंस, नागपूर? मीठ म्हणाला! माशाला काही नाही म्हणाला! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा खोट माझ्यात काढली रे, माझ्यात!" त्यांचे खांदे हलायला लागले होते, डोळे वाहायला लागले होते, आणि आवाज फुटायच्या आत त्यांनी मेधाला मनगटांना धरून दाराबाहेर डेकवर ओढलं. बाहेर वाऱ्यात, बाहीला रवा लागलेला, केस सुटलेले, अडुसष्ट वर्षांच्या कुंदामावशी माझ्या बायकोबरोबर फुगडी घालायला लागल्या. डेकच्या फळ्या धाडधाड वाजत होत्या. ग्लेन काहीच न समजता टाळ्या पिटत होता. मेधा किंचाळत होती, "मावशी, हळू! मावशी!" आणि मावशी "होल्ड! होल्ड!" म्हणत आणखी जोरात फिरत होत्या.

मी दारात उभा होतो, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसत होतं. आत काका एकटेच जेवत होते. चौथी तुकडी संपवून त्यांनी पाचवी घेतली, डोक्याचा रस चोखून काढला, भात पुसून घेतला. मिठाची बाटली त्यांच्या डाव्या हाताशीच होती. तिला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही.